सकाळचं आवतण

बुफे या प्रकाराचा त्यांना मनापासून राग होता. मुलीचा बाप पत्रिका घेऊन आला आणि "जेवण बुफे ठेवू, आजकाल तसंच असतं" असं म्हणाला, की ते पत्रिका घडी करून परत द्यायचे. "उभं राहून घोडं खातं," ते म्हणायचे. "माणसाला देवानं बूड कशाला दिलंय? पंगत असेल तर बोला." निम्मे बाप उठून जायचे. उरलेले कुरकुरत पंगतीला तयार व्हायचे आणि पुढे वर्षभर नातेवाइकांना सांगत फिरायचे, की आमच्याकडे पंगत होती बरं का.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीत लग्नाचं जेवण म्हटलं की पहिलं नाव त्यांचं निघे. ते नाव मी इथे लिहीत नाही; त्याचं कारण शेवटी येईल. सगळे त्यांना काका म्हणायचे, वयाने मोठी माणसंसुद्धा. मीही काकाच म्हणतो.

मूळचे साताऱ्याकडचे. आचारी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसा पोटाचा घेर वगैरे काही नव्हता. किरकोळ अंग, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा. पंगत उठली की खरकटं काढायच्या आधी ते मागे हात बांधून पत्रावळींच्या रांगेतून चालायचे. कुठल्या पानावर काय उरलंय ते बघायचे. "इथं मीठ वाढलेलं तसंच आहे. म्हणजे भाजीत जास्त झालं. या पानावर जिलबी अर्धी टाकलीय. बाई कुणावर तरी रागावलीय." चौकशी केली तर बाई खरोखरच रागावलेली निघायची. मी म्हणायचो, "काका, लग्नात कुणी ना कुणी रागावलेलं असतंच." त्यावर ते म्हणायचे, "सेक्रेटरी, तुम्ही फायली वाचा."

मी तेव्हा बेलापूरला एका सरकारी कचेरीत होतो आणि आमच्या सेक्टरच्या नागरिक समितीचा सेक्रेटरी होतो. समितीचं काम म्हणजे गणपती, पाण्याचा दाब आणि रस्त्यावरचे दिवे. 'सेक्रेटरी' हा शब्द काका असा उच्चारायचे की आपण फार मोठे आहोत आणि काहीच नाही आहोत, असं दोन्ही एकदम वाटावं.

त्या वर्षी मराठवाड्यात विहिरी आटल्या. बीड, जालन्याकडची कुटुंबं तुर्भ्याला उतरू लागली. कुणाला खाणीवर काम मिळालं, कुणाला नव्या इमारतींवर, पुष्कळांना मिळालंच नाही. मोकळ्या प्लॉटांवर गाठोडी टाकून ती बसलेली असायची. समितीने ठरवलं की रोज एक वेळचं जेवण द्यायचं. एक ट्रान्सपोर्टवाले शेठ होते, त्यांचं तुर्भ्याजवळ अर्धवट बांधलेलं गोदाम होतं. तीन बाजूंनी भिंती, वर पत्रा. शेठनी ते माणसांना राहायला दिलं. आम्ही त्याला शेड म्हणायचो.

पहिल्या दिवशी खिचडी केली होती. स्पीकरवरून मीच घोषणा केली: "सर्व दुष्काळग्रस्त बंधुभगिनींनी रांगेत येऊन अन्नाचा लाभ घ्यावा." कुणी उठलं नाही. पातेल्यातून वाफा येत होत्या. समोर भिंतीला टेकून उपाशी माणसं बसली होती, पोरं आयांच्या पदराआडून पातेल्याकडे बघत होती. मी पुन्हा घोषणा केली. तरी नाही. एक सभासद म्हणाले, "माजलेत." खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं.

काका त्या दिवशी फक्त भाड्याची भांडी पोचवायला आले होते. ते एका म्हातारीजवळ जाऊन उकिडवे बसले.

"काय आजी, भूक नाही का?"

"भूक हाय की."

"मग उठत का नाही?"

"आवतन कुटं दिलंय कुनी?" म्हातारी म्हणाली. "कुनाचं लगीन, कुनाचं बारसं, काय ठावं न्हाई. आवतनाबिगर उठून जायाला आमी काय भिकारी हाव?"

काका उठले. तांदळाच्या पोत्यातून ओंजळभर तांदूळ घेतले, मसाल्याच्या डब्यातली हळद चोळली आणि शेडच्या एका टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक कुटुंबापुढे वाकायचे, कर्त्या माणसाच्या हातावर चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचे, "आज आमच्याकडं जेवायला या. चूलबंद आवतण आहे." गावाकडे चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना, त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही.

म्हातारी दाणे हातात घेऊन म्हणाली, "चूल हाय कुटं बंद कराया?"

"म्हणून तर सोपं आहे आजी. नाहीतर बायका म्हणतात, सकाळचं शिळं उरलंय, ते कोण खाणार."

म्हातारी हसली. मग आजूबाजूच्या बायका हसल्या. आणि सगळी शेड उठून हात धुवायला गेली.

त्या दिवसापासून ती काकांची शेड झाली. आम्ही समितीवाले शिधा गोळा करायचो, बाकी सगळं ते बघायचे. सकाळी अंघोळ करून पिवळे तांदूळ घेऊन यायचे आणि रोज नव्याने आवतण द्यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, ही माणसं जाणार कुठे? आवतण नाही दिलं तरी जेवणारच आहेत." ते म्हणाले, "म्हणून तर द्यायचं."

रांग त्यांनी बंद केली. "रांग रेशनला. जेवायला पंगत." पानं सरळ मांडली की कोण वर बसला आणि कोण खाली हा प्रश्न येतो, आणि गावाहून आलेल्या माणसांच्या मनात तो पक्का असतो. म्हणून ते पानं गोल मांडायचे. एका पाटलाने एकदा विचारलं, "हितं सुरवात कुटनं?" काका म्हणाले, "जिथं वाढपी उभा असेल तिथनं." आणि वाढप्याला रोज वेगळ्या ठिकाणी उभं करायचे. पहिला घास गेला की मधोमध उभे राहून हात जोडायचे आणि लग्नात म्हणतात त्याच सुरात म्हणायचे, "सावकाश होऊ द्या." स्वतः सगळ्यात शेवटी जेवायचे, पातेल्याच्या झाकणात घेऊन.

समितीच्या बैठकीत कुणी 'विस्थापित' किंवा 'लाभार्थी' म्हणालं की ते दाराकडे बघायचे, जणू तसं कुणीतरी आत आलंय. त्यांच्याकडे एकच शब्द होता, पाहुणे.

मग हिवाळ्यात खाडीपलीकडे मुंबई पेटली. जळलेल्या वस्त्यांतून सुटलेली काही मुसलमान कुटुंबं ओळखीपाळखीने आमच्याकडे आली. दुसरी जागा नव्हती, शेडचा एक कोपरा रिकामा करून दिला. दुष्काळाच्या माणसांत कुजबुज झाली. समितीत तर कुजबुज म्हणता येणार नाही इतक्या मोठ्याने झाली. आलेल्यांत एक वयस्क शिंपी होते. मशीन जळालेलं, दुकान जळालेलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. सगळे त्यांना चाचा म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पिवळे तांदूळ घेऊन त्यांच्यापुढे वाकले.

"ये क्या है?" चाचांनी विचारलं.

"आवतण है. दोपहर को खाना खाने आनेका, सब लोग." काकांचं हिंदी असंच होतं.

चाचा दाण्यांकडे बघत राहिले. दुपारी आले, पण पानांपुढे अवघडून उभे राहिले. "हमारे में थाल एक होता है," ते म्हणाले. "सब उसी में से खाते हैं." दुसऱ्या दिवशी टेम्पोतून मोठाल्या पराती उतरल्या आणि गोल पंगतीतच पानांशेजारी मांडल्या गेल्या. आमची म्हातारी बघत होती. "एकाच ताटात समदी? भांडत न्हाईत व्हय?"

चाचांना मराठी कळत होतं. म्हणाले, "लड़ते हैं ना, बोटी के लिए. इधर बोटीच नहीं है."

"काका," म्हातारी ओरडली, "ऐकलं का? पावनं बोटी मागत्यात."

काका पोट धरून हसले. शेडमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीवर हसली. मी हे पाहिलं आहे म्हणून सांगतो.

शेठना मात्र हसू येत नव्हतं. त्यांनी मला बोलावून घेतलं. "दुष्काळवाले होते तोवर ठीक होतं, सेक्रेटरी. आता हे लोक आणून बसवलेत. मला चार ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात. शेड खाली करा." मी हातापाया पडलो. म्हटलं, एकदा येऊन बघा तरी, मग ठरवा. त्यांनी मान्य केलं. शिवरात्रीच्या आधीचा दिवस ठरला. सकाळी अकराला येणार, आपल्या हाताने पहिलं वाढणार, सोबत फोटोग्राफर आणणार. आणि मग शेडचं सांगणार. काकांनाही मी हे सगळं सांगितलं होतं. त्या दिवसांत ती कुटुंबं रस्त्यावर आली असती तर त्यांचं काय झालं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

आता जे लिहितो आहे, त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

त्या दिवशी काकांनी पहाटे वाशीच्या आपल्या जागेत स्वयंपाक केला. भात, वरण, बटाट्याची भाजी. टेम्पोत चढवताना वरण मी चाखलं. उत्तम होतं. अकराच्या आधी पंगत बसली. अकरा वाजून गेले, शेठ नाहीत. ऊन चढलं, वरचा पत्रा तापला. काका म्हणाले, "सेक्रेटरी, वाढायला घेऊ. ते आल्यावर पुन्हा वाढतील." मी म्हटलं, "शेठच्या हातचं पहिलं वाढप ठरलंय. थांबा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. "पाहुणे पानावर बसलेत हो." मला त्यांची कटकट नको झाली. मी म्हटलं, "ड्रायव्हरला शेड सापडत नसेल. तुम्ही नाक्यावर जाऊन उभे राहा, गाडी दिसली की घेऊन या."

ते गेले. जाताना टेम्पोवाल्याला म्हणाले, "झाकणं तिरकी ठेव रे, वाफ जाऊ दे."

टेम्पोवाला घणसोलीचा आगरी होता. शेडसमोरून खाणीचे डंपर जात होते, धूळ उडत होती. पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलावर पातेली मांडली होती आणि फोटोत ती स्वच्छ दिसावीत म्हणून मी सगळी झाकणं घट्ट लावून वर फडकी बांधायला सांगितलं.

तो म्हणाला, "साहेब, काका बोलले व्हते झाकना सरकवून ठेव."

मी म्हटलं, "काकांना मी बघतो."

शेठ आले तेव्हा चार वाजायला आले होते. पोरं पानावरच झोपली होती. गाडीच्या पुढच्या सीटवर काका बसले होते, उन्हाने काळवंडलेले. फोटोग्राफरने जागा धरली. शेठनी पळी हातात घेतली. काकांनी फडकं सोडलं, झाकण उचललं आणि तसेच थांबले. वरणावर फेस आला होता. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, झाकण परत ठेवलं. भाताच्या पातेल्यात हात घातला, तो चिकट झाला होता. त्यांनी वरणाचं पातेलं दोन्ही कान धरून उचललं, शेडमागच्या नाल्यापर्यंत नेलं आणि ओतून दिलं. मग भाताचं आणि भाजीचं. सगळी उपाशी पंगत बघत होती.

"हा काय प्रकार आहे?" शेठनी मला विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. शेठना तोंडावर सांगायचं, की तुमच्या उशिराने आणि माझ्या झाकणांनी अन्न नासलं, तर ते गाडीत बसले असते आणि संध्याकाळपर्यंत शेड रिकामी झाली असती. असं मला वाटलं. आजही वाटतं. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा आधी माझं सेक्रेटरीपण आठवलं आणि शेड नंतर.

मी म्हणालो, "काकांच्या स्वयंपाकात आज काहीतरी बिघाड झाला, शेठ."

काका पंचाला हात पुसत होते. ते माझ्याकडे बघतही नव्हते. म्हणाले, "हो. माझ्याकडून झालं."

मग ते पंगतीच्या मधोमध गेले आणि हात जोडून म्हणाले, "पाहुण्यांनो, आज चूक झाली. उठू नका." टेम्पोवाल्याला पिटाळून चुरमुरे, फुटाणे, गूळ आणवला. तिथेच दगडांची चूल मांडून नवा भात टाकला. शेठनी गुळाच्या खड्यांसोबत फोटो काढून घेतला. जाताना मोठ्या मनाने म्हणाले, "राहू दे शेड. पावसाळ्यापर्यंत राहा. पण हा आचारी बदला. उद्या कुणाला विषबाधा झाली तर माझं नाव जाईल."

आचारी बदलला. म्हणजे मीच बदलला. दुसऱ्या दिवसापासून जेवणाची तयार पाकिटं आली आणि पाकिटांबरोबर रांग आली. आणि सकाळी बघतो तर काका पिवळे तांदूळ घेऊन हजर. त्यांचा स्वयंपाक नव्हता, त्यांची पंगत नव्हती, पण वाकून प्रत्येकाला सांगत होते, "आज जेवायला या." शेड रिकामी होईपर्यंत रोज आले.

लग्नाच्या जेवणात मीठ जास्त झालं तर लोक विसरतात. अन्न नासलं म्हटलं की संपलं. वाशीत बातमी पसरायला आठवडाही लागला नाही, कारण समितीतले सभासद होतेच. लग्नसराई तोंडावर होती. ठरलेले लोक निरोप पाठवू लागले: मुलीच्या मामांनी दुसरा बघितलाय, मंडपवाल्याचाच माणूस घ्यावा लागतोय. कुणी कारण सांगितलं नाही. मी काकांच्या जागेवर गेलो तेव्हा ते मोठी पातेली एकात एक घालून ठेवत होते.

मी म्हणालो, "काका, शेडमधली माणसं मार्गी लागू देत. मग मी स्वतः सगळ्यांना खरं काय ते सांगतो."

त्यांनी मान हलवली. टोमणा नव्हता, खात्री देतो. पंगतीत पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

पावसाआधी माणसं मार्गी लागली. चाचांना कुणीतरी मशीन दिलं, ते भिवंडीकडे गेले. म्हातारीच्या मुलाने घणसोली गावात खोली भाड्याने घेतली. शेड रिकामी झाली. आता शेठची भीती नव्हती. मी सांगायला हवं होतं. पण समितीचा सत्कार ठरला होता, शेठ अध्यक्ष होते, म्हटलं एवढा होऊ दे. मग पुढच्या वर्षी म्हटलं, आता कुणाला आठवतंय. तोवर काकांनी वाशीची जागा सोडली होती. ते खांदेश्वरला राहायला गेले आणि एका कारखान्याच्या कँटीनमध्ये नोकरीला लागले. तिथे ताटं घेऊन रांगेतच उभं राहायचं असतं.

दशक संपत आलं तेव्हा म्हातारीच्या नातवाचं लग्न निघालं. ती स्वतः मुलाला घेऊन माझ्या दारी आली, हातावर पिवळे दाणे ठेवले. "चूलबंद आवतन हाय," म्हणाली. घणसोलीत शाळेच्या मैदानावर मांडव होता. जेवण बुफे होतं. नातू कंपनीत कामाला होता, त्याच्या मित्रांना तसंच हवं होतं.

आणि त्या रांगेत ताटली घेऊन काका उभे होते.

मला बघून म्हणाले, "काय सेक्रेटरी, घोडं झालं बघा आमचं. काय करता, आवतण आलं होतं." तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं. संकटात आम्हाला ज्यांनी अन्न दिलं, असं काहीतरी म्हणाले. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. टाळ्या वाजवणाऱ्यांत काका होते, ताटली काखेत धरून. मी मांडवाकडे वळलो तर म्हातारी त्यांची थट्टा करत होती. "काका, बिनघोर जेवा. ह्येंचं वरन नासल्यालं न्हाई." भोवतीची माणसं हसली. काकाही हसले. मी तिथे शाल पांघरून उभा होतो. माइक माझ्या हाताशी होता.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी खांदेश्वरला त्यांच्या पत्नीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या निवडत होत्या ती भाजी त्यांनी बाजूला ठेवली नाही.

"मला काय सांगता?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ते घरी आले तेव्हाच मला कळलं होतं. जन्मभर त्यांच्या हातचं खाल्लंय मी. ज्यांनी बोलावणं बंद केलं त्यांना सांगा. आणि त्यांचं नाव घालू नका. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांनी पुन्हा चर्चा करायला नको."

मी उठलो तर म्हणाल्या, "जेवायची वेळ आहे. बसा." जमिनीवर पान मांडलं. वरण-भात होता. मी भात कालवतच राहिलो. त्या समोर बसून होत्या. "सावकाश होऊ द्या," म्हणाल्या, आणि बहुधा सवयीनेच म्हणाल्या.

तर त्या उन्हाळ्यात वाशीत ज्यांच्या घरी लग्न होतं आणि ज्यांनी ऐनवेळी दुसरा आचारी बघितला, त्यांच्यासाठी हे आहे. त्या दिवशीचं वरण पहाटे चांगलं झालं होतं. झाकणं मी लावली. पंगत बसलेली होती, मी वाढू दिलं नाही.